जर्सीच्या पाठीवर कोणतं नाव?

पत्र (लिहिणारा ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय २३. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात, बंगाली निर्वासितांच्या एका कॅम्पात वाढलेला हा मुलगा आता एका व्यावसायिक क्लबकडून मधल्या फळीत फुटबॉल खेळतो. त्याचे आजोबा, म्हणजे दादू, १९६४ साली पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या खुलना जिल्ह्यातून निघाले तेव्हा १४ वर्षांचे होते. आधी रायपूरजवळचा माना कॅम्प, मग तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं जंगल. वडील इथेच जन्मले, १९७४ मध्ये. घरात बंगाली, शाळेत मराठी, ड्रेसिंग रूममध्ये हिंदी.

क्लबने खेळाडूंचे छोटे व्हिडिओ काढले. त्यात ‘कुठला तू?’ असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘गडचिरोलीचा मराठी पोरगा!’ मित्रांनी व्हिडिओ गावभर फिरवला. दादूंनी तो तीनदा पाहिला, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाले, ‘तालि आमरा किडा?’ म्हणजे, मग आम्ही कोण? तेव्हापासून फोनवर ‘जेवलास का’ यापलीकडे बोलत नाहीत. पुढच्याच महिन्यात त्याने एक पेनल्टी वाया घालवली आणि त्याच व्हिडिओखाली लोक ‘बांगलादेशी’ असं लिहून गेले. संघातला कोलकात्याचा मित्र त्याच्या बंगालीला हसतो. मॅनेजर म्हणतो, नव्या मोसमात जर्सीवर आडनाव नको, नुसतं नाव टाक, कटकट मिटेल.

पत्रात जाताजाता एक ओळ आहे: ‘दादूंच्या कपाटावर एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर आहे, तो टाकू देत नाहीत. टीव्हीवर त्यांचा संघ हरायला लागला की पाच बोटं दाखवून “पाँच-शून्नो” म्हणतात. काय ते मला माहीत नाही.’

त्याचा प्रश्न असा: ‘ताई, मी बंगाली की मराठी? एकच काय ते सांगा, म्हणजे शेवटपर्यंत तेच सांगत राहीन.’

उत्तर

बाबू,

बाबू म्हटलेलं चालेल ना? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, लेकराला बाबूच म्हणतात, आणि तुमच्या घरीही हा शब्द परका नसावा.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष तुझ्या प्रश्नाकडे होतं, दुसऱ्यांदा ते त्या ट्रान्झिस्टरवर जाऊन अडकलं. म्हणून आधी ट्रान्झिस्टरचं बोलते.

३० सप्टेंबर १९७५. कोलकात्यात आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती. तिथल्याच दोन क्लबांची गाठ, आणि ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच-शून्य हरवलं. तुझे दादू तेव्हा पंचविशीत होते, तुझे वडील पाळण्यातून नुकते उतरले असतील. ईस्ट बंगाल हा क्लब कसा निघाला ते तुला कोणी सांगितलं का? १९२० साली जोडाबागान नावाच्या संघाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला बसवून ठेवलं. तो पूर्व बंगालचा, म्हणून बसवलं असं पुष्कळांना वाटलं. जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी चिडून संघातून बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. पुढे फाळणी झाली, लोंढेच्या लोंढे आले, आणि घर-नदी-बाजार सगळं मागे राहिलेल्या माणसांना आपलं म्हणावं असं एक नाव त्या लाल-सोनेरी जर्सीत सापडलं. त्या दुपारी चांद्याच्या जंगलातल्या एका कॅम्पात, सेल संपत आलेल्या ट्रान्झिस्टरला कान लावून एक तरुण बसला होता, यावर मी पैज लावायला तयार आहे.

म्हणजे तुमच्या घरातला पहिला फुटबॉलवाला तू नाहीस.

मी तीस वर्षं ब्रह्मपुरीकडच्या एका कॉलेजात शिकवलं. तालुक्याच्या स्पर्धांना कबड्डीचे संघ ढिगाने यायचे, व्हॉलीबॉलची जाळी तर गावोगाव बांधलेली. फुटबॉल घेऊन कोण यायचं? कॅम्पातली पोरं. तूच लिहिलंस की धान निघाल्यावर मोकळ्या बांध्यांमध्ये कॅम्पाकॅम्पांचे सामने व्हायचे, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, चेंडू लागला की बाहेर धरायचा, आणि धसकटांनी घोटे सोलून निघायचे. तू बंगालीपणाकडे पाठीवरच्या ओझ्यासारखं बघतोस, ठेवावं की उतरवावं असं विचारतोस. अरे, तुझा फुटबॉल त्याच गाठोड्यात बांधून आला. आणि सराव कुठे झाला? झाडीतल्या धानाच्या बांधीत. आता यातलं बंगाली किती आणि वैदर्भी किती, ते तूच मला मोजून दाखव.

आता तुझा प्रश्न. ‘एकच काय ते सांगा.’ एकच उत्तर असलं पाहिजे, हे तुला कोणी सांगितलं? परीक्षेच्या पेपरात चार पर्यायांतला एक निवडावा लागतो. तू काही पेपर सोडवायला बसलेला नाहीस.

आपण मराठी माणसं याबाबतीत किती सोयीने वागतो ते बघ. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, आई आयरिश. आपल्याकडे काय आनंद झाला! मालवणचा सुपुत्र म्हणून मथळे झाले, २०१९ च्या अखेरीस ते वराडला आले तर अख्खं गाव स्वागताला. ‘आधी ठरवा, आयरिश की मालवणी’ असं कोणी विचारलं नाही. आपलं माणूस बाहेर जाऊन मोठं झालं की दोन्ही ओळखी गोड लागतात. बाहेरचं माणूस आपल्यात येऊन मोठं झालं की मात्र एक उत्तर पाहिजे, आणि तेही लगेच पाहिजे.

फुटबॉलमध्ये याची मोठी गोष्ट मेसुट ओझिलची आहे, तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. तुर्कस्तानातून जर्मनीत मजुरीला आलेल्या घरातला हा नातू १९८८ मध्ये गेल्झेनकिर्शेनला जन्मला. २०१४ चा विश्वचषक जर्मनीने जिंकला तेव्हा तो त्या संघात होता. २०१८ मध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली, आणि त्या जुलैत तो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. जिंकलो की मी जर्मन, हरलो की परदेशातून आलेला, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला. ते वाक्य जगभर गाजलं कारण ते पुष्कळांच्या मनातलं होतं. पण त्याच्या गोष्टीत आणखी एक भाग आहे, तो लोक विसरतात. विश्वचषकाच्या आधी, मे महिन्यात, त्याने तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांबरोबर फोटो काढला होता. तो म्हणाला, माझ्या घराण्याच्या देशाचा मान राखला. लोक म्हणाले, राजकारण केलंस. दोन्ही बाजूंत थोडं तथ्य होतं, आणि त्या गदारोळात खरी टीका कोणती आणि निव्वळ द्वेष कोणता हे वेगळं करता येईना. हे तुला का सांगते? तुझ्या तालुक्यात निवडणुका येतील, आणि ‘आपला सुपुत्र’ म्हणून तुझा फोटो फ्लेक्सवर टाकायला कोणीतरी नक्की येईल. कॅम्पातलेही येतील, कॅम्पाबाहेरचेही. दोघांनाही हात जोड आणि नाही म्हण.

तुझी पेनल्टी हुकली त्या दिवशी तू बांगलादेशी झालास. आदल्या आठवड्यापर्यंत गडचिरोलीचा वाघ होतास. त्या लोकांचा प्रश्न ‘तू कोण’ हा नव्हताच, त्यांना मॅच हरल्याचा राग काढायला जागा पाहिजे होती. त्यांच्यासाठी तू तुझी वंशावळ कशाला उलगडत बसतोस?

यातून मला सांगायचंय ते एवढंच की ‘कुठला तू?’ हा एक प्रश्न नाही. पासपोर्टवाला बाबू विचारतो तेव्हा त्याला जन्मगाव हवं असतं. पत्रकाराला मथळा हवा असतो. कोलकात्याच्या प्रेक्षकाला तू बाङाल की घटी, म्हणजे पूर्वेकडचा की पश्चिमेकडचा, ते हवं असतं. शेजारच्या गावातलं पोरगं विचारतं तेव्हा त्याला कळून घ्यायचं असतं की आपल्या गावातूनही तिथवर जाता येतं का. आणि दादू विचारतात तेव्हा, बाबू, ते तुझ्याबद्दल विचारतच नसतात.

इथे मी तुला थोडी बोलणार आहे.

व्हिडिओत तू खोटं बोलला नाहीस. तू गडचिरोलीचा आहेस, मराठीत शिकलास, झाडीपट्टीच्या नाटकांना रात्रभर चटईवर बसून जागलास, असं तूच लिहिलं आहेस. मराठी पोरगा म्हणवून घ्यायचा तुला पुरता हक्क आहे. तो नाकारणाऱ्याशी मी भांडेन. पण मनाला विचार: ते वाक्य तू आखडतं का घेतलंस? वेळ कमी होता म्हणून, की पुढचं बोललं तर त्रास होईल म्हणून? थोडक्यात सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, पण जो वगळला जातो त्याला बरोबर कळतो. दादूंनी व्हिडिओ तीनदा पाहिला तो उगीच नाही. कुठेतरी, शेवटी तरी, आपला उल्लेख येईल म्हणून पाहिला असेल.

‘तालि आमरा किडा?’ तुमच्या खुलन्याच्या बोलीत किडा म्हणजे कोण. मराठी कानाला तो शब्द कसा ऐकू येतो ते तुला सांगायला नको. ती ओळ वाचताना मी चष्मा काढून ठेवला होता.

तुझा कोलकात्याचा मित्र हसतो तेही बहुधा असल्याच शब्दांना. तो ‘के’ म्हणत असेल, तू ‘किडा’ म्हणतोस, आणि मध्येच आपलं वैदर्भी ‘काऊन’ही घालत असशील! पण बिघडलेली बंगाली म्हणून ज्याला तो हसतो, ते तुझ्या दादूंनी चौदाव्या वर्षी पाठीवर आणलेलं खुलना आहे. तिथली वाट आता त्यांना बंद आहे, शब्द तेवढे उरलेत. मित्र वाईट नसेल. त्याला एकदा सांग, ‘ही बाङाल भाषा आहे, वर विदर्भाची फोडणी आहे,’ आणि त्याच्याबरोबर तूही हस. तरी हसायचं थांबला नाही तर मात्र तो मित्र नाही.

आता ‘बाहेरचे’ या शब्दाचं. तो तुम्हा कॅम्पवाल्यांसाठी नागपूर-चंद्रपूरकडचा माणूस वापरतो तेव्हा मला जास्त लागतं, कारण आपल्याला एक जुनं देणं आठवायला हवं. १९४६ साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जायची वाट बंद होती. तेव्हा बंगालमधले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सोबतच्यांनी त्यांना बंगालच्या विधिमंडळातून निवडून पाठवलं. फाळणीत ती जागा गेली, मग १९४७ मध्ये ते मुंबईतून परत निवडून आले. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात. यातल्या किती जणांना ठाऊक असेल की पहिल्यांदा दार उघडलं ते बंगालमधल्या दलितांनी, आणि त्यांच्यातले कितीतरी पुढे निर्वासित होऊन कॅम्पांत पडले? हे कोणाला टोमणा म्हणून ऐकवू नकोस. तुझ्या स्वतःच्या पाठीच्या कण्यासाठी माहीत असू दे.

आणि ‘मूळचे कोण’ हा प्रश्न गडचिरोलीत फार ताणू नये, बरं का. माडिया-गोंड माणसाने तो विचारला तर माझ्यासकट निम्मा जिल्हा खाली मान घालेल. माझे आजोबा वर्धेकडून मास्तरकी करायला आले. चौथी पिढी झाली तरी गावात आमचं घर ‘वऱ्हाडी मास्तराचं’च आहे. कॅम्पांना जमिनी मिळाल्या तेव्हा आसपासच्या आदिवासींना काय वाटलं, हेही कधीतरी तुझ्या वयाच्या आदिवासी मित्राच्या घरी बसून ऐक. आपल्यावरचा अन्याय सांगणाऱ्याने दुसऱ्याचाही ऐकावा, नाहीतर आपण तेवढे बिचारे असं वाटायची सवय लागते.

जर्सीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आडनाव ठेव. ब्राझीलवाले पहिल्या नावाने, टोपणनावाने खेळतात, त्यात काही कमी नाही, आणि तुला स्वतःला तसं आवडत असतं तर मी हो म्हटलं असतं. पण इथे कारण ‘कटकट मिटेल’ हे आहे, आणि ती मिटत नाही. ज्याला शोधायचं आहे तो मोबाइलवर दोन मिनिटांत आडनाव शोधतो. मग वर ‘लपवत होता’ हेही चिकटतं. मॅनेजरशी भांडू नकोस. म्हण, ‘माझ्या आजोबांना ते पाठीवर वाचायचंय.’ यावर वाद घालणारा मॅनेजर मी तरी पाहिला नाही.

२०१६ च्या युरो स्पर्धेत ११ जूनला फ्रान्समधल्या लान्स शहरात स्वित्झर्लंड आणि अल्बानिया समोरासमोर आले. एका बाजूला ग्रानिट झाका, दुसऱ्या बाजूला त्याचा सख्खा थोरला भाऊ ताउलांट. आईवडील कोसोवोतले अल्बेनियन, दोन्ही पोरं बाझेलला जन्मलेली. आई स्टेडियममध्ये आली ती दोन झेंडे जोडून शिवलेला टी-शर्ट घालून, अर्धा या देशाचा, अर्धा त्या. स्वित्झर्लंड एक-शून्यने जिंकलं. त्या बाईने कोणाला उत्तर दिलं नाही, शिंप्याकडे जाऊन आली. मला ती फार आवडते.

कागदांचं मात्र नीट ऐक, कारण तिथे भावना चालत नाहीत. मी वकील नाही, पण नागरिकत्व कायदा एवढा तरी साफ आहे: २६ जानेवारी १९५० पासून पुढे आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. तुझे वडील त्यात बसतात. १ जुलै १९८७ पासून पुढे, ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याचे आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक असला की पुरतं. तू त्यात बसतोस. दादू कुठून आले याने तुझ्या पासपोर्टला काही होत नाही. तरी वडिलांचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दादूंचे कॅम्पचे कागद, सातबारा, सगळ्यांच्या चांगल्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेव. पत्र्याच्या पेटीत उंदीर लागतात. राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं की धावपळ नको. दोन देशांचं नागरिकत्व आपल्याकडे चालत नाही. पुण्याच्या क्लबकडून खेळलेला अराता इझुमी, वडील भारतीय, आई जपानी, त्याला २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घ्यावं लागलं, तेव्हा तो भारताकडून खेळला. कागद एकच ठेवावा लागला. आई काही सोडावी लागली नाही.

मैदानावरून कोणी काही ओरडलं तर उलट बोलू नकोस, कार्ड तुलाच मिळेल. वंशद्वेषी शेरेबाजी रेफरीला कळवायला फिफाने २०२४ मध्ये खूण ठरवली आहे: दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून हातांची फुली करायची. मग रेफरीने आधी खेळ थांबवायचा, परत झालं तर संघ आत न्यायचे, तरी थांबलं नाही तर सामना सोडून द्यायचा. कप्तानाला आणि कोचला आधीच सांगून ठेव की अशी वेळ आली तर मी ही खूण करणार. मोबाइलवरचं वाचणं सामन्यानंतर दोन दिवस बंद. फारच घाण असेल तर स्क्रीनशॉट काढून क्लबला दे, कंत्राटात तुझं रक्षण करायची जबाबदारी त्यांची काय आहे ते विचार.

अशीच पत्रं मला आणखीही येतात. सिरोंच्याकडची तेलुगू घरातली मुलगी, गोठणगावजवळच्या तिबेटी वसाहतीतला नर्सिंगचा विद्यार्थी, वीटभट्टीवर आलेल्या छत्तीसगढी आईची लेक. सगळ्यांना मी एकच करायला लावते: कोणी विचारायच्या आधी आपली ओळख तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा, आणि ती आधी घरच्यांना वाचून दाखवा. तुझी कदाचित अशी होईल: ‘मी मुलचेऱ्याचा. आजोबा खुलन्याहून आले, घरी बंगाली बोलतो. मराठी शाळेने शिकवलं आणि धानाच्या बांधीत फुटबॉल शिकलो.’ बारा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं.

पण ते दादूंना फोनवर वाचून दाखवू नकोस. सुट्टी मिळाली की घरी जा. बाजारातून मासे घेऊन जा, त्यांच्याच हाताने साफ करू दे. ‘तुम्ही देश का सोडला’ असं पहिल्याच दिवशी विचारू नकोस. चौदा वर्षांच्या पोराने १९६४ च्या दंगलीत काय पाहिलं असेल ते त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतील, नाहीतर नाही सांगणार. तू ट्रान्झिस्टर खाली काढ, धूळ पूस आणि विचार, ‘दादू, त्या पाचांपैकी दोन गोल श्याम थापाने मारले ना?’

थापा हा गोरखा होता, बंगाली नव्हे. हे दादूंना माहीत असणारच. त्या दोन गोलांचं वर्णन ते कसं करतात, तेवढं मला लिहून कळव.

— ताई